सहा अक्षरं आणि एक काना

माझी भाची साडेपाच वर्षांची होती तेव्हा तिची सगळी मुळाक्षरं पाठ होती. भिंतीवरच्या तक्त्याकडे न बघता ती ‘क कमळाचा’पासून ‘ज्ञ ज्ञानेश्वरांचा’पर्यंत एका दमात म्हणायची आणि पाहुण्यांनी शाबासकी दिली की पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. दिवाळीच्या सुट्टीत एकदा मी पाटीवर ‘कप’ लिहून तिच्यापुढे धरलं. तिने बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, “कमळ-पतंग.”

“नीट बघ गं.”

तिने नीट बघितलं. “मावशी, कमळ आणि पतंगच आहे.”

चूक तिची नव्हती. क म्हणजे कमळ आणि प म्हणजे पतंग, हे आम्हीच तिला वर्षभर घोकायला लावलं होतं. अक्षराची गाठ आम्ही चित्राशी मारली आणि आवाजाशी बांधायची विसरलो. म्हणून तिला अक्षरं येत होती, वाचता येत नव्हतं. असं मूल तुमच्याही घरात किंवा शेजारी असेल. वेगवेगळी अक्षरं ओळखतं, पण शेजारीशेजारी ठेवली की अडतं.

अक्षर ही तोंडातून निघणाऱ्या आवाजाची खूण आहे. खुणा ओळीने पाहून आवाज काढायचे, ते जोडायचे, आणि जोडलेल्या आवाजात आपला ओळखीचा शब्द ऐकायचा. वाचनाचा पाया एवढाच. या पायावर शिकवायच्या पद्धतीला इंग्रजीत ‘फोनिक्स’ म्हणतात, आणि हल्ली पुण्या-ठाण्यातल्या उपनगरांत गल्लोगल्ली या नावाचे क्लास आहेत. पाटी इंग्रजी असल्यामुळे पालकांना वाटतं की हे काहीतरी बाहेरून आलेलं शास्त्र आहे. आपल्या घरातला फोनिक्सचा तक्ता त्यांना दिसत नाही, कारण तो इतका जुना आहे की आपण त्याच्याकडे बघणंच सोडलंय.

क, ख, ग, घ हळू म्हणून पाहा. जिभेचा मागचा भाग वर उचलला जातो. च, छ ला ती टाळूपाशी येते, ट, ठ ला टोक वर वळतं, त, थ ला ती दातांना लागते, आणि प, फ, ब, भ, म म्हणताना ओठ मिटल्याशिवाय गत्यंतर नाही. घशापासून ओठांपर्यंत निघालेली ही वर्णमाला म्हणजे तोंडाचा नकाशा आहे. इंग्रजीच्या ए ते झेड या रांगेला असा काही अर्थ नाही. बी शेजारी सी का, याला उत्तर नाही. दुसरी सोय त्याहून मोठी. इंग्रजी अक्षराचं नाव एक आणि आवाज दुसरा. ‘एच’ या नावात ह कुठेच ऐकू येत नाही. आपल्याकडे म चं नाव ‘म’ आणि आवाजही ‘म’.

एवढी सोय हातात असून आपण केलं काय, तर तिचं पाठांतर केलं. पंतोजींच्या शाळेत मुलं ‘ओनामासीधं’ म्हणत धूळपाटीवर काडीने अक्षरं गिरवायची. पाटीवरची धूळ गेली, फळा आला, मग स्मार्ट बोर्ड आला. पण ‘क काना का, क पहिली वेलांटी कि, क दुसरी वेलांटी की’ हा सूर तोच राहिला. त्यातलं गणित करून पाहा. ३४ व्यंजनं आणि प्रत्येकाची १२ रूपं म्हणजे ४०८ आवाज. राज्य शासनाने २००९ साली ॲ आणि ऑ यांना वर्णमालेत जागा दिली आणि बाराखडीची चौदाखडी झाली, म्हणजे ४७६. हे सगळे सुटे सुटे पाठ करणारं मूल दमून जातं. ज्याला ‘काना लावला की आवाज आ होतो’ एवढं एकदा उमगलं, त्याला ३४ अक्षरं आणि डझनभर खुणा पुरतात. चौदाखडी हा नियमांचा तक्ता आहे. आपण त्याची आरती केली.

‘आम्ही असंच शिकलो, आमचं काय बिघडलं?’ असं दर लग्नकार्यात कुणीतरी म्हणतंच. खरंय, पुष्कळ मुलं घोकता घोकता आपसूक नियम पकडतात. ज्यांना तो पकडता आला नाही ती दुसरी-तिसरीत मागे पडली आणि शाळेतून गळाली. ती या गप्पांत नसतात.

आता घरी काय करायचं ते सांगते. पाटी-पेन्सिल अजून काढू नका. सुरुवात कानापासून करायची, आणि त्यासाठीचे खेळ आपल्याकडे आयते आहेत. भेंड्यांमध्ये शेवटचं अक्षर पकडावं लागतं. लहान मुलांबरोबर गाण्यांऐवजी नुसत्या शब्दांच्या भेंड्या खेळा. आंबा, बादली, लिंबू. प्रवासात, भाजी निवडताना, कुठेही. दुसरा खेळ ‘च ची भाषा’. आपण तो मोठ्यांपासून गुपितं लपवायला खेळलो, पण वाचनाची इतकी चांगली पूर्वतयारी मला दुसरी माहीत नाही. शब्दाचं पहिलं अक्षर उचलून शेवटी टाकायचं आणि पुढे च लावायचा. पाणी झालं ‘चणीपा’, कविता झाली ‘चविताक’. हे करायला मुलाला ‘पाणी’ या शब्दाचे डोक्यात दोन तुकडे करावे लागतात, त्यांची जागा बदलावी लागते आणि पुन्हा जोडावे लागतात. कागद नाही, अक्षरओळख नाही, तरी काम वाचनाचंच चाललेलं असतं. पाच वर्षांच्या मुलाला हे लगेच जमणार नाही. सहाव्या वर्षी ते तुम्हाला हरवील.

मग अक्षरं. पण ३४ नाही, फक्त सहा: म, न, ल, र, घ आणि आ. सोबत काना, पहिल्याच आठवड्यात. आधी सगळी मुळाक्षरं, ती संपली की बाराखडी, मग शब्द, या क्रमात पोराला पहिला अर्थपूर्ण शब्द वाचायला वर्ष जातं. तोवर त्याची खात्री पटलेली असते की वाचन ही कंटाळवाणी गोष्ट आहे. थोडी अक्षरं आणि एखादी खूण बरोबर देऊन लगेच शब्दांवर जायचं, ही वाट महाराष्ट्रात अनेकांनी चालून पाहिली आहे. फलटणला मॅक्सीन बर्नसन यांनी १९८६ साली कमला निंबकर बालभवन सुरू केलं. जन्माने अमेरिकन असलेल्या या भाषाशास्त्रज्ञ बाईंनी आयुष्यभर मराठी मुलांच्या वाचनाचा प्रश्न धरून ठेवला. वाडा तालुक्यात सोनाळ्याला नीलेश निमकर आणि त्यांची ‘क्वेस्ट’ ही संस्था आदिवासी भागातल्या शाळांबरोबर अशाच प्रश्नावर काम करत आली आहे.

या सहा अक्षरांत किती माल आहे पाहा. घर, मन, नर, मान, रान, माल, लाल, मार, राम, घार, नाला, मला, नाना, मामा, आला, आराम, नमन. आणि एक अख्खं वाक्य: मामा आला. माझ्या भाचीने जे पहिलं वाक्य स्वतःहून वाचलं ते हेच. वाचून झाल्यावर तिने दाराकडे पाहिलं. कागदावरच्या खुणांनी आपल्याला काही सांगितलं, हे तिला तेव्हा पहिल्यांदा कळलं असावं.

साहित्य म्हणाल तर जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या बाजू, कात्री आणि स्केचपेन. प्रत्येक अक्षराचा चौकोनी पत्ता कापा. काना एका अरुंद पट्टीवर वेगळा काढा आणि तो अक्षराशेजारी सरकवून बघू द्या. ‘मन’ मांडा. म आणि न च्या मध्ये काना घुसवा. काय झालं? ‘मान’. काढा, पुन्हा ‘मन’. घर-घार, लल-लाल. ‘लल’ला काही अर्थ आहे का, असं मूल विचारील. नसेना का. खोटे शब्द वाचायला मुलांना फार मजा येते आणि त्यात पाठांतर चालत नाही. इंग्लंडमध्ये २०१२पासून पहिल्या इयत्तेतल्या मुलांची जी फोनिक्सची चाचणी होते, तिच्या ४० शब्दांपैकी २० मुद्दाम बनवलेले निरर्थक शब्द असतात, ते याचसाठी. आपण परीक्षा घ्यायची नाही, गंमत करायची. ‘नामाराला’ नावाचा राक्षस आमच्या घरात दोन महिने राहत होता.

ताटात रवा किंवा रांगोळी पसरून त्यावर बोटाने अक्षर काढायला सांगा आणि काढताना आवाज म्हणायला सांगा. रोममध्ये १९०७ साली मारिया माँटेसरींनी पहिलं बालगृह उघडलं. तिथे मुलं खरखरीत कागदाच्या अक्षरांवरून बोट फिरवत त्यांचा आवाज म्हणायची. डोळा, कान आणि बोट तिघेही एकदम कामाला. ताराबाई मोडकांनी भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर हा विचार आपलासा केला आणि १९४५मध्ये तो बोर्डीच्या खेड्यात, नंतर अनुताई वाघांसह कोसबाडच्या टेकडीवर नेला. महागडी साधनं परवडणार नव्हती, म्हणून गावात मिळतं त्यातून साधनं झाली. तेव्हा लाकडी अक्षरांच्या हजार रुपयांच्या पेटीवाचून तुमचंही अडायचं कारण नाही.

अक्षरांचा क्रम कोणता, यावर घरातल्या वडीलधाऱ्यांशी वाद होईल. ते म्हणतील, ‘ग म भ न’पासून सुरू कर. त्या जुन्या क्रमात शहाणपण आहे, पण ते लिहिणाऱ्या हाताचं. एकसारख्या वळणाची अक्षरं एकापाठोपाठ काढली की हात बसतो. वाचणाऱ्या डोळ्याला मात्र नेमकं उलटं हवं असतं. म आणि भ, घ आणि ध, ब आणि व, प आणि ष ही जुळी एकाच आठवड्यात समोर आली की गोंधळ ठरलेला. एक पक्कं झाल्यावर पंधरा-वीस दिवसांनी दुसरं आणा.

कान्यानंतर दुसरी वेलांटी घ्या, पहिली नव्हे. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी लिहितात आणि अक्षराच्या नंतर उच्चारतात. डावीकडून उजवीकडे जायचं नुकतंच शिकलेल्या मुलावर हा अन्याय आहे. दुसरी वेलांटी निमूटपणे मागून येते. शिवाय मराठीत शब्दाच्या शेवटी ती सतत भेटते. क, त, प, ज आणि ई एवढी भर घातली की काकी, मामी, आजी, आई सगळ्या घरात येतात. ‘आजी आली’, ‘नाना रानात’, ‘काकी, मला पापरी’. (पापडी. ड अजून आला नव्हता. मुलं वेळ मारून नेतात, आपणही न्यावी.)

आता एक खाचखळगा. ‘घर’ वाचताना मूल म्हणेल घ… र… आणि मग ‘घरऽ’, शेवटच्या र मधला अ पूर्ण उच्चारून. आपण तर ‘घर्’ म्हणतो. ‘सरबत’ लिहितो आणि ‘सर्बत’ म्हणतो. हा अ कधी गिळायचा आणि ‘मित्र’, ‘शब्द’ यांसारख्या शब्दांत कधी ठेवायचा, याचा नियम तुम्हाला कुणी शिकवला होता का? मुलालाही शिकवू नका. ‘जरा भरभर म्हण’ एवढंच म्हणा. ‘घरऽ, घरऽ… घर!’ असं ते स्वतःच दुरुस्त करतं, कारण घर त्याने हजार वेळा ऐकलेलं असतं. म्हणूनच पहिले शब्द त्याच्या रोजच्या बोलण्यातले हवेत. पुस्तकी ‘नभ’ आणि ‘खग’ त्याला इथे वाचवत नाहीत.

अशा आणखी जागा आहेत. च चे दोन आवाज: चूल आणि चिमणी. ज चेही दोन: जाळं आणि जीभ. ‘जग’ हे दुनिया असेल तर एक उच्चार आणि ‘जगून दाखव’मधलं जगणं असेल तर दुसरा. अनुस्वाराचे तर पाच: पंखा, मंजिरी, अंडं, संत, आंबा हळू म्हणा आणि प्रत्येक वेळी जीभ कुठे जाते ते पाहा. टिंब एकच आहे, पण जीभ पुढच्या अक्षराच्या जागी आधीच जाऊन बसते. हे समजावण्याची गरज नसते. बोलणाऱ्या मुलाची जीभ हे सगळं कधीच शिकलेली आहे. लिपीने दिलेली अर्धवट सूचना ती पूर्ण करते.

याच कारणाने उच्चारांवरून टोकू नका. ‘पाणी’ हा शब्द मुलाने ‘पानी’ वाचला, किंवा विदर्भातल्या पोराने ‘डोळा’ला ‘डोया’ म्हटलं, तर त्याने अचूक वाचलं आहे. खुणा पाहिल्या, आवाज जुळवले आणि आपल्या घरातल्या शब्दापर्यंत पोचलं. त्या क्षणी ‘पानी नाही, पाणी म्हण’ असं म्हणणारा माणूस वाचन शिकवत नाही, मुलाच्या आजीची चूक काढतो. ण सावकाश येईल. पुस्तकं ऐकून येईल.

घाईचं काय करायचं? सोनाली नाग यांनी कन्नड शाळांतल्या मुलांचा अभ्यास करून २००७ साली जे मांडलं ते भिंतीवर लावण्यासारखं आहे. अक्षरांचा सगळा पसारा हाताखाली यायला मुलांना चौथीपर्यंत, काहींना त्याहूनही जास्त वेळ लागतो. कन्नड लिपी वेगळी, पण व्यंजनाला स्वरचिन्ह चिकटवण्याची रीत आपलीच. तेव्हा पहिलीच्या दिवाळीत जोडाक्षरं येत नाहीत म्हणून काळजी करू नका. सूर्य, चक्र, ट्रक आणि दऱ्या या चार शब्दांत र चार वेगळी सोंगं घेतो. ती दुसरीत ओळखली तरी चालतात. मात्र दुसरी संपत आली, रोज सराव आहे, तरी साधे कान्याचे शब्दही जुळत नसतील, तर आधी कान आणि डोळे तपासून घ्या आणि मग वाचनदोषाची जाण असलेल्या तज्ज्ञाला भेटा. आळशी, हट्टी ही विशेषणं त्याआधी वापरू नका, नंतर तर नकोच.

इंग्रजीबद्दल लिहायलाच हवं, कारण निम्मे पालक हे प्रकरण त्यासाठीच उघडतील. तत्त्व तेच आहे, लिपी मात्र बेभरवशाची. २६ अक्षरं आणि सुमारे ४४ आवाज. ओढाताण होणारच. फिलिप सिमूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३मध्ये युरोपातल्या १३ भाषांमधल्या मुलांची तुलना प्रसिद्ध केली. शाळेच्या पहिल्या वर्षाच्या शेवटी फिनलंड, ग्रीस आणि जर्मनीतली मुलं ओळखीच्या शंभर शब्दांतले ९८ बरोबर वाचत होती. स्कॉटलंडमधली इंग्रजी वाचणारी मुलं ३४. यात स्कॉटिश पोरांचा काही दोष नाही, त्यांच्या स्पेलिंगचा आहे. मराठी लिपी तिच्या सगळ्या खोड्यांसह फिनिशच्या बाजूला बसते. म्हणून माझं मत सरळ आहे: घरात मराठी असेल तर वाचनाची युक्ती आधी मराठीत कळू द्या, शाळा इंग्रजी असली तरी. खुणांतून आवाज काढायचे असतात हे एकदा कळलं की ते दुसऱ्या भाषेत पुन्हा शिकावं लागत नाही.

इंग्रजीसाठी बसाल तेव्हा ‘बी फॉर बॉल’ बाजूला ठेवा. बी, यू, एस असं कितीही वेळा म्हटलं तरी त्यातून ‘बस’ निघत नाही. एस, ए, टी, पी, आय, एन ही सहा अक्षरं तिकडे बऱ्याच पद्धतींत आधी घेतात, कारण त्यांतून भरपूर छोटे शब्द होतात. आपल्या म, न, ल, र, घ, आ चा हिशेब तोच. फक्त आपल्या पालकांकडून एक चूक हमखास होते. एस चा आवाज ते ‘स’ सांगतात, टी चा ‘ट’. आपल्या स मध्ये अ आधीच भरलेला आहे. त्यामुळे ‘सॅट’ जुळवताना मूल ‘सॲट’पाशी अडकतं. इंग्रजी आवाज पाय मोडून म्हणायचे: स्, ट्, प्, न्. पाय मोडणं म्हणजे काय हे आपल्याला लहानपणापासून माहीत आहे, एवढा फायदा तरी घ्या.

हे सगळं दिवसाकाठी १० मिनिटं. अकराव्या मिनिटाला मूल खिडकीबाहेर बघायला लागतं आणि आपला आवाज चढायला लागतो. उरलेला वेळ त्याला वाचून दाखवण्यात घालवा, आणि तेव्हा अक्षरांचा विषय काढू नका. सहा अक्षरांत ‘मामा आला’ एवढीच गोष्ट बसते. मामा का आला, येताना काय आणलं, रात्री कुत्रं का भुंकलं, हे सगळं त्याला तुमच्या तोंडून ऐकायला मिळालं तरच पुढची अक्षरं शिकावीशी वाटतील. शब्द आधी कानात साठलेले नसतील तर डोळ्यांनी जुळवलेला आवाज नुसता आवाजच राहतो. मांडीवर बसवून गोष्ट वाचताना ओळीखालून बोट फिरवा, बस्स.

आज रात्री एक करा. कॅलेंडरच्या मागच्या बाजूला ठळक अक्षरात ‘मामा आला’ लिहा आणि मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर फ्रिजला चिकटवा. काय लिहिलंय ते सांगू नका, विचारूही नका. चार दिवसांनी कागद बदला.